वहीतील एक पान

धर्मगुरूकडे लोक नाना प्रकारची कामे घेऊन येतात. कोणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कोणाच्या बांधावरचा तंटा मिटवावयाचा असतो, तर कोणाला बँकेतून आलेले कन्नड पत्र वाचून घ्यावयाचे असते. गेल्या ऑक्टोबरात मात्र आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी निराळेच काम घेऊन आली. ती बेळगावास वसतिगृहात राहून बी. ए.च्या वर्गात शिकते. पर्यावरण हा विषय तिला सक्तीचा आहे, आणि त्याकरिता प्रत्येक विद्यार्थ्याने महिनाभर आपण काय खातो, काय विकत घेतो व काय टाकून देतो यांची रोजची नोंद ठेवावी, शेवटी चार पाने आपले विचार लिहावेत, असे तिच्या प्राध्यापकांनी सांगितले होते.

"फादर, तेवढे शुद्धलेखन बघा. माझे ऱ्हस्व-दीर्घ नेहमी चुकते," असे म्हणून तिने वही टेबलावर ठेवली व ती निघून गेली. पुढील शनिवारी घरी येईन तेव्हा घेऊन जाईन, असे दारातूनच सांगितले.

विद्यार्थ्यांचे असले लिखाण कसे असते हे मला ठाऊक आहे. पुस्तकातून उतरलेली दोन पाने, मध्ये एखादे सुभाषित आणि शेवटी झाडे लावण्याचे आवाहन. मीही आमच्या सेमिनरीत असेच निबंध लिहून गुण मिळविले आहेत. त्या रात्री जेवण झाल्यावर मी लाल पेन घेऊन बसलो तो अर्ध्या तासात हे काम उरकेल या समजुतीने.

पहिली पाने वसतिगृहातील होती. संध्याकाळचा सांबार-भात मुलींना आवडत नाही. पण ताट मात्र भरून घ्यावयाचे, चार घास खावयाचे, बाकीचे पिंपात टाकावयाचे आणि मग कोपऱ्यावरच्या गाड्यावर गोबी मंचुरियन खावयास जावयाचे, असा क्रम तिने लिहिला होता. गंमत अशी की "मुली" असे न लिहिता तिने "आम्ही" असे लिहिले होते. महिनाभरात मोबाइलवरून मागविलेल्या जेवणाबरोबर प्लॅस्टिकचे अकरा डबे आपल्या खोलीत आले, त्यांतले दोन धुऊन ठेवले, नऊ टाकले. कागदी पेल्यातला चहा पिताना आपण प्लॅस्टिक टाळले असे तिला वाटे; पुढे तिला कळले की पेला पाझरू नये म्हणून त्याच्या आतून प्लॅस्टिकचाच पातळ थर दिलेला असतो. स्वस्तात मिळाले म्हणून तीन कुर्ते घेतले, त्यांतला एक अद्याप घडीतच आहे. एके ठिकाणी संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण विभागाने २०२४ साली प्रसिद्ध केलेला आकडाही तिने दिला होता : २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातला साठ टक्के भाग हॉटेलांत किंवा दुकानांत नव्हे, तर लोकांच्या घरांत वाया गेला. मला विचाराल तर एवढा मोठा आकडा वाचून माणूस घाबरत नाही, उलट निश्चिंत होतो. कारण त्या १०५ कोटींत आपली परात कोठली ते दिसत नाही. पण पुढल्याच ओळीत तिने लिहिले होते की, आईने घरून नाचणीच्या भाकऱ्या दिल्या होत्या. खोलीतल्या मैत्रिणींसमोर तो डबा उघडण्याची लाज वाटली म्हणून त्या महिन्यात तीन वेळा भाकरी टाकली. "तिन्ही वेळा मला भूक लागली होती."

येथे मी पेन खाली ठेवले.

यानंतर आजीवर दोन पाने होती. तिची आजी ऐंशीच्या घरातली, आमच्या धर्मग्रामातील सर्वांत जुन्या माणसांपैकी एक. तांदूळ धुतलेले पाणी ती गुरांच्या घमेल्यात ओतते. उरलेल्या भातात रात्री पाणी घालून ठेवते व सकाळी तोच मीठ आणि कैरीच्या फोडीबरोबर खाते. फणसाच्या आठळ्या मातीत घोळवून पावसाळ्यासाठी ठेवते. जमिनीवर सांडलेला तांदळाचा दाणा दिसला की गुडघे दुखत असतानाही वाकून उचलते आणि कपाळाला लावते. नातीने लिहिले होते की, लहानपणी या साऱ्याला आम्ही भावंडे हसत असू आणि आजी चिकट आहे असे समजत असू. मग या नोंदवहीच्या निमित्ताने तिने आजीला कारण विचारले. आजीने १९६५ ची गोष्ट सांगितली. ती नुकतीच लग्न होऊन या गावी आली होती. त्या वर्षी देशात धान्याची टंचाई होती, आणि पंतप्रधान लाल बहादूर शास्त्री यांनी लोकांना आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले होते. आजीच्या सासूबाई हसून म्हणाल्या होत्या, आठवड्यातून एक वेळच जेवण सोडणारे ते श्रीमंत कोण असतील? पुढे चर्चच्या दारात परदेशातून आलेली दुधाची भुकटी वाटली जाई. भांडे घेऊन त्या रांगेत उभे राहावयाची तिला शरम वाटे, पण मूल लहान होते. "आजीला लाज होती ती मागण्याची, मला लाज होती ती भाकरीची," असे या मुलीने लिहिले आहे. तिच्या वाक्यात एक वेलांटी चुकली होती, ती मी दुरुस्त केली.

वही येथेच संपती तर मी तिचे कौतुक केले असते, प्रवचनात नाव न घेता तिचा दाखला दिला असता आणि विसरून गेलो असतो. परंतु शेवटून दुसऱ्या पानावर पुढील मजकूर होता :

"मे महिन्यात गावच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी वस्तीच्या गाडीने परीक्षेला निघाले होते. चर्चच्या मागच्या बाजूला फादर आणि चर्चचे काका खड्डा खणत होते. दोन मोठी पातेली भात होता. आजीने दिलेले तांदूळ त्यातच होते. फादरांना वाईट वाटत असेल म्हणून मी हाक मारली नाही."

त्या पानावर तीन चुका होत्या. मी तिन्ही दुरुस्त केल्या. शनिवारी ती आली तेव्हा "छान लिहिले आहेस, बाळ," असे म्हणून वही तिच्या हाती दिली. तिने माझ्याकडे पाहिले, "थँक्यू, फादर," म्हणाली आणि गेली. तिला आणखी काही अपेक्षित होते की नव्हते, हे मी सांगू शकत नाही. मला मात्र त्या क्षणी ती लवकर जावी असेच वाटत होते.

आता त्या पहाटेची हकीकत सांगणे प्राप्त आहे.

आमच्या गावच्या सणाला दर घरामागे दोन शेर तांदूळ द्यावयाची जुनी चाल आहे. कोणी विकतचे देत नाही. स्वतःच्या शेतातील, बहुधा इंटाण जातीचे, निवडून-पाखडून देतात. पूर्वी गावचेच लोक चुलाणे पेटवून स्वयंपाक करीत. त्या वर्षी चर्चचे छप्पर नवे झाले होते, पुण्या-मुंबईचे व गोव्याचे चाकरमानी सणाला येणार होते. म्हणून मी शहरातून जेवणाचा कंत्राटदार बोलाविला. त्याच्या आदल्या वर्षी भात कमी पडून शेजारच्या गावचे एक कुटुंब न जेवता परतले होते व ती गोष्ट मला वर्षभर ऐकावी लागली होती. तशी नामुष्की पुन्हा नको म्हणून मी कंत्राटदाराला दोनशे माणसे वाढवून सांगितली. सायंकाळी वळवाचा पाऊस आला, विजा चमकू लागल्या, बाहेरगावची मंडळी निम्मी जेवून आणि निम्मी न जेवताच निघून गेली. दोन पातेल्यांना कोणी पळीदेखील लावली नव्हती.

तो भात उष्टा नव्हता, खराब नव्हता. अर्ध्या मैलावर वीटभट्टीवरील मजुरांच्या झोपड्या आहेत. गाडी काढली असती तर पंधरा मिनिटांत तेथे पोहोचला असता. गावातील बायकांना बोलावले असते तरी वाटप झाले असते. पण बोलावणे म्हणजे फादरांचा अंदाज चुकला हे गावभर होणे. "सकाळपर्यंत टिकेल, फादर," असे कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, आणि मला तेच ऐकावयाचे होते. मेच्या उकाड्यात भात टिकत नाही हे शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या मला ठाऊक नव्हते असे नाही. पहाटे झाकण काढले तेव्हा आंबूस वास सुटला होता. मी चर्चच्या सेवकाला उठविले व उजाडण्यापूर्वी खड्डा खणू या असे सांगितले. मातीतून आले ते मातीत गेले, नारळाला खत झाले, अशी स्वतःची समजूत घालून मी सहाची मिस्सा केली.

खत झाले हे खोटे नव्हे. शहरात कचऱ्याच्या ढिगाखाली अन्न हवेवाचून कुजते, त्यातून मिथेन वायू निघतो व तो हवामान तापविण्यास कारण होतो. त्यापेक्षा झाडाच्या बुडाशी गेलेले बरे, हे त्या मुलीच्या पाठ्यपुस्तकातही आहे. पण तिने आणखी एक हिशेब मांडला होता. एक किलो तांदूळ पिकण्यास सरासरी अडीच हजार लिटर पाणी लागते. दोन पातेल्यांतील तांदूळ पंधरा किलो धरले तरी ते साडेसदतीस हजार लिटर होते. त्यातील बहुतेक पाणी पावसाचे, हे खरे. तरी ज्या गावात मे महिन्यात नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येते त्या गावाने हा आकडा एकदा मोठ्याने वाचावा. आणि पाण्याचा हिशेब तरी होतो. जूनच्या आधी धूळवाफ पेरणी करून आभाळाकडे डोळे लावणे, पावसात वाकून भांगलण करणे, पीक पोटरीला आले की गवे आणि रानडुकरे येऊ नयेत म्हणून रात्र-रात्र माळ्यावर जागणे, याची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची? तिच्या आजीच्या घरी आता शेत राखावयास पुरुषमाणूस नाही. मुलाला गव्याने उडविले तेव्हापासून तो लंगडतो. त्या घरानेही दोन शेर दिले होते.

वही परत दिल्यावरच्या रविवारी मिस्सेत ख्रिस्तप्रसाद वाटून झाल्यावर मी वेदीपाशी तबकडी पुसत होतो. सेमिनरीत आमच्या वृद्ध गुरुजींनी ही क्रिया आम्हांकडून किती वेळा करवून घेतली होती! एकही कण राहता कामा नये. तबकडी उजेडात तिरपी धरून पाहावयाची, बोटाने कण प्याल्यात झाडावयाचे, वर पाणी ओतून ते प्राशन करावयाचे. पंधरा वर्षे मी हे न चुकता करीत आलो आहे. त्या दिवशी माझे बोट तबकडीवरच थांबले. ख्रिस्तप्रसाद आणि घरचा भात एक नव्हेत, हे मला कोणी शिकवावयास नको. तरीपण भाकर ही पृथ्वीची देणगी आणि माणसाच्या कष्टांचे फळ आहे असे आपण अर्पणाच्या वेळी दर मिस्सेत कबूल करतो, ती भाकर त्याच मातीतून येते. पाच भाकरींच्या चमत्कारावर मी निदान दहा-बारा प्रवचने दिली असतील. चारही शुभवर्तमानांत तो चमत्कार आहे. पण काही वाया जाऊ नये म्हणून उरलेले तुकडे गोळा करा, ही प्रभूची आज्ञा एकटा संत योहान सांगतो. त्या बारा टोपल्यांवर मी एकदाही बोललो नव्हतो. पोप फ्रान्सिस यांनी ५ जून २०१३ रोजी, आणि पुढे २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात, टाकलेले अन्न हे गरिबाच्या ताटातून चोरल्यासारखेच आहे अशा अर्थाचे सांगितले, ते मात्र मी उपवासकाळात व्यासपीठावरून वाचून दाखविले होते. त्याच वर्षी दोन महिन्यांनी मी तो खड्डा खणला.

त्या संध्याकाळी मी आजीच्या घरी गेलो. ती अंगणात कुळीथ निवडीत बसली होती. मी एकदम सांगून टाकले. आजीने सूप खाली ठेवले व म्हणाली, "ते ठावं हाय की, फादर. दुसऱ्या रात्रीच कुत्र्यांनी उकरलं. समद्या गावानं बघितलं."

मी गप्प झालो. सहा महिने मी जे लपविले अशा समजुतीत होतो ते कुत्र्यांनी पहिल्या दोन दिवसांतच उघड केले होते, आणि गाव माझ्यावर दया करून गप्प होते.

"रातीच सांगायचं हुतं," ती पुढे म्हणाली. "आमी बायकांनी भात मळून, जिरं-मिरची घालून सांडगे घातले असते. मेचं ऊन्ह हुतं. वाया काय जायला झालं हुतं?" मग तिने सुनेला हाक मारून मला चहा करावयास सांगितले. रागावली असती तर मला सोपे गेले असते.

पुढल्या रविवारी मी प्रवचनात सर्व हकीकत सांगितली. काहींना ते रुचले नाही. धर्मगुरूने आपल्या चुका वेदीवरून सांगू नयेत, त्याने लहान मुलांच्या मनातला आदर कमी होतो, असे एका शिक्षकांनी मला नंतर बाजूला घेऊन सांगितले. त्यांचे म्हणणे मी अगदीच टाकाऊ समजत नाही. पण मुलांनी कुत्रे उकरताना पाहिलेच होते.

फेब्रुवारीत सणाच्या तयारीची सभा झाली. ती चांगलीच तापली. यंदा कंत्राटदार नको, गावानेच रांधावे, एक पातेले निम्मे झाल्यावरच दुसरे चढवावे, वाढताना आधी थोडे वाढून मागेल त्याला पुन्हा द्यावे, आणि कागदी ताटांऐवजी महिला मंडळाची स्टीलची ताटे वापरावीत, एवढेच मी सुचविले होते. प्लॅस्टिकची ताटे-पेले १ जुलै २०२२ पासून देशभर बंदच आहेत, त्यामुळे त्यावर वाद नव्हता. वाद झाला तो थोडे वाढण्यावरून. एक वृद्ध गृहस्थ उठून म्हणाले, "फादर, आमच्या बापानं दुसऱ्याच्या शेतात राबून पेज पिऊन दिवस काढले. आज देवानं दिलंय म्हणून पावण्याचं ताट भरून वाढतो. आता चमच्यानं मोजायचं काय?" सभा त्यांच्या बाजूला झुकली, आणि खरे सांगावयाचे तर माझेही मन झुकले. ज्याने रिकामे ताट पाहिले आहे त्याला भरलेल्या ताटाचा आनंद होतो; त्या आनंदाला उधळपट्टी म्हणणे मला जमले नाही. ती मुलगी येथे असती तर तिने काय उत्तर दिले असते कोण जाणे. उत्तर दिले ते तिच्या आजीने, आणि तेही बसल्या जागेवरून : "पुन्हा पुन्हा वाढा की. दोनदा वाढलं तर ताट दोनदा भरतं." लोक हसले आणि ठराव झाला. बाटल्यांतली सरबते व आइसक्रीमचे पेले रद्द करण्याची सूचना मात्र मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहून मीच मागे घेतली.

यंदाचा सण मेमध्ये पार पडला. सगळे सुरळीत झाले असे नाही. शेवटच्या पंगतीच्या वेळी तिसरे पातेले चुलीवरच होते व तीस-चाळीस माणसांना पाऊण तास थांबावे लागले. सभेत बोललेले ते वृद्ध गृहस्थ नेमके त्याच पंगतीत होते. मी त्यांच्या शेजारी रिकामे ताट घेऊन बसलो. "मोजून रांधलं की असं होतंय," ते म्हणाले. मी हो म्हटले. थोड्या वेळाने ते आपल्या बापाविषयी सांगू लागले, आणि भात आला तेव्हा त्यांची गोष्ट अर्धवट राहिली. त्यांनी दोनदा वाढून घेतले.

ताटे धुण्याचे काम आम्हा पुरुषांकडे दिले होते. ते अंधार पडेपर्यंत पुरले. शेवटी दोन घमेली भात उरला. एक घमेले त्याच रात्री वीटभट्टीवर गेले. तेथील माणसे विजापूरकडची; त्यांनी भाताबरोबर आमटी आहे का असे विचारले, ती आम्ही नेली नव्हती, म्हणून मला पुन्हा एक खेप करावी लागली. दुसऱ्या घमेल्यातील भात बायकांनी मळला आणि सकाळी चर्चच्या गच्चीवर जुन्या धोतरावर सांडगे घातले. तीन दिवस ते वाळत होते. कावळे हाकलण्याचे काम माझ्याकडे होते, आणि प्रार्थनेचे पुस्तक घेऊन मी ते बऱ्यापैकी पार पाडले.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी त्या मुलीची परवानगी घेतली. तिने हरकत घेतली नाही. फक्त तीन कुर्त्यांची गोष्ट गाळा म्हणाली, मग लगेच राहू द्या म्हणाली. आजीने त्या सांडग्यांतले डबाभर तिला वसतिगृहात पाठविले आहेत. मैत्रिणींपुढे ती तो डबा उघडते की नाही, हे मी तिला विचारलेले नाही.